घरमालक की एजंट? आधी कागद पाहा!

बारावीचे निकाल लागतात, प्रवेशाच्या याद्या लागतात आणि जून-जुलैपासून मराठवाडा-विदर्भातून पुण्याकडे येणाऱ्या एस.टी. गाड्या आपल्या मुलामुलींनी भरू लागतात. कुणी इंजिनिअरिंगला, कुणी एम.ए.ला, कुणी स्पर्धा परीक्षेच्या तयारीला. शासकीय वसतिगृहाची यादी लागते तेव्हा त्यातल्या बऱ्याच जणांची नावे तिच्यात नसतात. मग सुरू होते खोलीची शोधाशोध. सदाशिव पेठेतल्या भिंतीवरचे 'कॉट बेसिस'चे कागद वाचायचे, विजेच्या खांबावरचे फोन नंबर उतरवून घ्यायचे आणि गावाकडच्या एखाद्या जुन्या विद्यार्थ्याला विचारायचे, "भाऊ, डायरेक्ट मालकाकडून घेऊ की एजंटकडून?"

हा प्रश्न दरवर्षी कार्यकर्त्यांना विचारला जातो. वकील म्हणून माझ्याकडेही येतो, पण बहुधा उशिरा येतो. डिपॉझिट बुडाल्यावर, कुलूप बदलल्यावर, पोरांचे सामान जिन्यात आल्यावर येतो. म्हणून तो आधीच मांडावा आणि त्याचे उत्तर कायद्याच्या आणि व्यवहाराच्या भाषेत समाजबांधवांपुढे ठेवावे, एवढ्यासाठी हा लेख.

प्रथम पैशाचे बोलू, कारण आपल्या घरात पहिला विचार पैशाचाच होतो. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्र शासनाने २०१६-१७ पासून भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना सुरू केली. पुणे, मुंबई, नागपूर यांसारख्या मोठ्या शहरांसाठी तेव्हा वर्षाला ६०,००० रुपये ठरले. त्यात ३२,००० भोजनाचे, २०,००० निवासाचे आणि ८,००० निर्वाहाचे. निवासाचे वीस हजार रुपये कॉलेजच्या दहा महिन्यांवर वाटले तर महिन्याला दोन हजार होतात. दोन हजारात पुण्यात काय मिळते, हे मंत्रालयातल्या अधिकाऱ्यांनी एकदा नारायण पेठेत फिरून पाहावे. शिवाय हे पैसे प्रवेशाच्या दिवशी हातात येत नाहीत. अर्ज, छाननी, मंजुरी, मग खात्यावर जमा. खोलीचे पैसे मात्र पहिल्याच दिवशी मोजावे लागतात.

आता हिशोब करा. समजा, चार विद्यार्थ्यांनी मिळून सोळा हजार भाड्याचा फ्लॅट पाहिला. दोन महिन्यांचे डिपॉझिट बत्तीस हजार आणि पहिले भाडे सोळा हजार, म्हणजे मालकाकडून थेट घेतला तर अठ्ठेचाळीस हजार. एजंटमार्फत घेतला तर त्यावर साधारण एक महिन्याचे भाडे ब्रोकरेज म्हणून, म्हणजे चौसष्ट हजार. प्रत्येकाच्या वाट्याला चार हजार रुपये जास्तीचे आले. म्हणजे स्वाधारचा दोन महिन्यांचा निवास भत्ता एजंटच्या खिशात गेला. अकरा महिन्यांनी करार पुन्हा करायचा म्हटले की काही एजंट पुन्हा हात पुढे करतात. ही रक्कम कोणत्या कायद्याने ठरली? कोणत्याच नाही. तो बाजाराचा रिवाज आहे. रिवाज म्हणजे कायदा नव्हे, ही गोष्ट आपल्या समाजाला तरी वेगळी सांगायला नको!

एवढ्यावरून "मग मालकच बरा" असे कोणी म्हणेल. थांबा.

थेट मालकाकडे गेल्याने ब्रोकरेज वाचते, हे खरे. नळ गळतो, लाईट जाते तेव्हा कुणाला फोन करायचा हे माहीत असते, हेही खरे. मालक त्याच वाड्यात राहणारा सज्जन माणूस असला तर पोर आजारी पडल्यावर दवाखान्यातही नेतो. अशी माणसे पुण्यात आहेत आणि ती सर्व जातींत आहेत. पण थेट व्यवहार बहुधा तोंडी असतो. "कागद कशाला, विश्वासावर चाललंय की!" असे म्हणून मालक करार टाळतो. विश्वास चांगला, पण विश्वासाची पावती नसते. मार्चमध्ये परीक्षा तोंडावर असताना "खोली मोकळी करा, पाहुणे येणार आहेत" असे मालक म्हणाला, तर विद्यार्थ्याच्या हातात काय असते? आणि तो एकाच छपराखाली राहत असेल तर कोण आले, कोण गेले, डब्यात काय आणले, भिंतीवर कोणाचा फोटो लावला, यावर त्याचे लक्ष असते ते वेगळेच.

एजंटची बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. शहरात कुणी ओळखीचे नाही, कॉलेज दोन दिवसांत सुरू होणार, अशा मुलीला एजंट एका दुपारी चार खोल्या दाखवतो. करार, नोंदणी, पोलिसांना द्यायची माहिती, ही कामे त्याला पाठ असतात. त्याच्या या कामाचे मोल आहे. पण तो कोणाचा माणूस आहे? पैसे दोन्हीकडून घेतो. पुढच्या वर्षी पुन्हा घर देणारा मालक असतो, विद्यार्थी तर निघून जाणार. मग पारडे कुणीकडे झुकणार हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. भांडण झाले की तोच एजंट म्हणतो, "मी फक्त मध्यस्थ, तुमचे तुम्ही मालकाशी बघा." कायदाही साधारण तसेच म्हणतो. १८७२ च्या करार कायद्यानुसार प्रतिनिधीने मालकाच्या वतीने केलेल्या कराराला प्रतिनिधी सहसा स्वतः बांधील नसतो.

आणि या धंद्यावर देखरेख कोणाची? लोकांना वाटते, 'महारेरा' आहे ना! २०१६ चा रेरा कायदा एजंटांना नोंदणी सक्तीची करतो खरा, पण तो गृहप्रकल्पातील विक्रीच्या व्यवहारांपुरता. भाड्याने खोली लावून देणारा एजंट त्या व्याख्येत बसत नाही. म्हणजे पन्नास लाखांचा फ्लॅट घेणाऱ्याला नोंदणीकृत एजंट, आणि मजुराच्या पोराला खोली दाखवणारा मात्र कोणत्याही परवान्याविना! गरिबाच्या व्यवहारावर कायद्याची नजर सर्वात शेवटी पडते, याचे हे आणखी एक उदाहरण.

पैशाचा हिशोब इथे संपतो आणि आपल्या मुलांपुरता दुसरा हिशोब सुरू होतो. तो जातीचा.

मालकाच्या दारात प्रश्न येतो तो सरळ येत नाही. "पूर्ण नाव काय?" मग "आडनाव?" आडनावावरून कळले नाही तर "गाव कोणतं? वडील काय करतात? घरी देव कोणते?" आणि शेवटचा प्रश्न, "व्हेज की नॉनव्हेज?" हे प्रश्न विचारताना त्याचा चेहरा आपल्याला दिसतो. नकार मिळाला तर तो कोणी दिला, कशावरून दिला, हे कळते. अपमान होतो, पण अपमान करणारा समोर असतो.

एजंटकडे हेच काम न बोलता होते. मालकाने त्याला आधीच सांगून ठेवलेले असते, "आपल्यातले बघा." एजंट आपल्या पोराचे आडनाव फोनवर ऐकतो आणि म्हणतो, "अरेरे, सकाळीच गेली ती खोली!" पोराला वाटते, नशीब वाईट. तो दुसऱ्या एजंटला फोन करतो, तिसऱ्याला करतो आणि हळूहळू त्याला दाखवल्या जाणाऱ्या खोल्या शहराच्या एकाच बाजूला सरकत जातात. "तुम्हाला दापोडी, येरवडा, विश्रांतवाडी बरी पडेल, तिकडे तुमची माणसं आहेत." आपल्या वस्तीत राहण्यात कमीपणा मुळीच नाही. उलट तिथे आधार आहे. पण कॉलेज कोथरूडला असलेल्या मुलाने कुठे राहायचे हे एजंटने त्याच्या आडनावावरून ठरवायचे, हा कुठला न्याय? गावाबाहेरचा महारवाडा कोणी हुकूम काढून वसवला होता काय? तो रिवाजानेच वसला होता. शहरातला नवा महारवाडा मोबाईलवर, गोड बोलून वसवला जातो आहे.

हे आमच्या मनाचे खेळ नाहीत. डॉ. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरातील भाड्याच्या घरांच्या बाजाराचा अभ्यास करून २०१५ साली तो प्रसिद्ध केला. उच्चजातीय हिंदू, दलित आणि मुस्लिम नावांनी घरे मागण्यात आली. दलितांना आणि त्याहूनही अधिक प्रमाणात मुस्लिमांना नकार मिळाला. ज्यांना होकार मिळाला त्यांतल्या अनेकांपुढे वेगळ्या अटी ठेवल्या गेल्या. पुणे दिल्ली नाही, असे कोणी म्हणेल. त्याने आपले आडनाव बदलून दहा एजंटांना फोन करून पाहावा.

आडनाव बदलण्यावरून आठवण होते ती बडोद्याची. १९१७ साली बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठातले उच्च शिक्षण घेऊन बडोदा संस्थानच्या नोकरीवर रुजू झाले. तेवढा शिकलेला माणूस, पण त्यांना शहरात राहायला जागा नव्हती. पारशी धर्मशाळेत पारशी नाव धारण करून राहावे लागले. ओळख उघड झाली तेव्हा लाठ्या घेतलेले लोक दारात आले. दोन मित्रांकडे, एक हिंदू आणि एक ख्रिस्ती, त्यांनी आसरा मागितला आणि दोघांनीही टाळले. शेवटी कमाठी बागेत वेळ काढून त्यांनी बडोदा सोडले. हा प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे. आज आपली काही मुले आडनाव न सांगता, बापाचे नाव पुढे करून, गळ्यातली निळी दोरी शर्टाच्या आत टाकून खोली मिळवतात. मी त्यांना दोष देत नाही. पण नाव लपवून मिळालेले छप्पर नाव कळेपर्यंतच टिकते, हा बडोद्याचा धडा आहे.

१९१७ साली बाबासाहेबांच्या हातात कायदा नव्हता. आपल्या हातात त्यांनीच दिलेला आहे. संविधानाच्या अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याच्या कलम ४ मध्ये स्पष्ट लिहिले आहे की, अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणत्याही वस्तीत राहते घर घेण्यास किंवा त्यात राहण्यास कोणालाही मज्जाव करणे हा गुन्हा आहे. शिक्षा एक ते सहा महिने कैद आणि दंड. कलम १० प्रमाणे चिथावणी देणारा, साथ देणाराही तितकाच दोषी. म्हणजे "मालकाने सांगितले म्हणून मी नाही म्हणालो" हा एजंटचा बचाव होऊ शकत नाही. कलम १२ तर वकिलांनाही पुष्कळदा आठवत नाही. असे गुन्हा ठरणारे कृत्य अनुसूचित जातीच्या व्यक्तीबाबत घडल्याचे दिसले, तर ते अस्पृश्यतेच्या कारणावरूनच घडले असे न्यायालयाने गृहीत धरायचे असते, आणि तसे नव्हते हे आरोपीने दाखवायचे असते. १९९० पासून बौद्धांचाही अनुसूचित जातींच्या आदेशात समावेश आहे, तेव्हा "तुम्ही तर बौद्ध" म्हणून कुणी हात झटकू शकत नाही. १९८९ चा अ‍ॅट्रॉसिटी कायदा २०१५ साली सुधारला गेला आणि त्यात सामाजिक व आर्थिक बहिष्कार हा गुन्हा म्हणून आला. व्यवहार करण्यास नकार देणे हे आर्थिक बहिष्काराच्या व्याख्येत आहे.

पण वकील म्हणून एक कडू गोष्टही सांगितली पाहिजे. कायदा आहे, खटले मात्र फार थोडे उभे राहतात. कारण पुरावा. "खोली गेली" या दोन शब्दांच्या उत्तरावर कोणता फौजदार गुन्हा नोंदवून घेईल? आणि न्यायालये प्रत्येक वेळी आपल्या बाजूची असतात असेही नाही. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने एका पारशी सहकारी गृहनिर्माण संस्थेला आपले सभासदत्व पारशांपुरते ठेवण्याची मुभा दिली. त्या निकालाचा आधार घेऊन 'आमची सोसायटी, आमचे लोक' म्हणणाऱ्यांची छाती फुगली. म्हणून पुरावा जमवायची सवय लावा. एजंटशी शक्यतो लिहून बोला. व्हॉट्सअ‍ॅपवर विचारा, "खोली उपलब्ध आहे का, भाडे किती, अटी काय?" त्याने आधी "आहे" म्हटले आणि नाव कळताच "गेली" म्हटले, तर त्याच दिवशी दुसऱ्या आडनावाच्या मित्राला त्याच खोलीसाठी विचारायला लावा. दोन्ही उत्तरे, तारीख-वेळेसह, फोनमधून पुसू नका. "फक्त आमच्या समाजाचे", "आपल्यातलेच" अशी जाहिरात दिसली तर तिचा फोटो काढून ठेवा. कोर्टात उभे राहते ते हेच.

आता त्या कागदाकडे वळू, ज्यावर मूळ प्रश्नाचे माझे उत्तर उभे आहे.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५. भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा प्रत्येक करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे. नोंदणी करून देण्याची जबाबदारी मालकाची आहे, विद्यार्थ्याची नाही. नोंदणीकृत करार नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे खरे धरले जाते, ते खोटे असल्याचे मालकाने सिद्ध करायचे. आणि नोंदणी न करणाऱ्या मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. "अकरा महिन्यांचा करार आहे, नोंदणी लागत नाही" हे जे सगळे एजंट सांगतात ते महाराष्ट्रात खोटे आहे. अकरा महिने असोत की एक महिना, नोंदणी लागते. स्टॅम्प पेपरवर नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे.

नोंदणीला फार खर्च येतो, हेही खोटे. वरच्या सोळा हजारांच्या फ्लॅटचे उदाहरण घ्या. अकरा महिन्यांच्या एकूण भाड्यावर पाव टक्का मुद्रांक शुल्क, त्यात डिपॉझिटवरील नाममात्र भर, मिळून पाचशेच्या आत. महापालिका हद्दीत नोंदणी फी एक हजार. चौघांत वाटले तर माणशी चारशेच्या आत-बाहेर. एजंटच्या चार हजारांशी ताडून पाहा! आता तर ही नोंदणी आधार आणि बोटांच्या ठशांवर ऑनलाईन होते. स्वाधारच्या अर्जासाठी राहण्याचा पुरावा लागतो तेव्हाही हाच कागद उपयोगी पडतो.

पण सही करण्यापूर्वी कागद वाचा. याच कायद्याच्या कलम २४ खाली लेखी करारात जे नमूद आहे ते निर्णायक पुरावा मानले जाते. मुदत संपल्यावर जागा सोडली नाही तर सक्षम प्राधिकारी जागा रिकामी करून घेऊ शकतो आणि दुप्पट दराने भरपाई लागू शकते. तेव्हा "नंतर बघू, आत्ता सही करा" या घाईला बळी पडू नका. डिपॉझिट किती, कोणाला दिले, किती दिवसांत परत, त्यातून काय कापणार, मध्येच सोडायचे झाल्यास किती दिवसांची नोटीस, हे पाच मुद्दे करारात शब्दांत लिहिलेले हवेत. डिपॉझिटवर आपल्या राज्याच्या कायद्यात कमाल मर्यादा नाही, म्हणून तर ते अधिकच काटेकोर लिहून घ्यायला हवे.

एक प्रकरण सांगतो. नांदेड जिल्ह्यातली तीन मुले. एजंटला डिपॉझिट रोख दिले, पावती नाही. करार नोटरीचा, आणि मालकाच्या जागी सही एजंटचीच. वर्ष संपल्यावर मालक म्हणाला, मला निम्मेच पैसे मिळाले. एजंटचा फोन बंद. पोरे हताश होऊन आली. त्यांच्याकडे एकच गोष्ट शिल्लक होती, एजंटने पाठवलेला रकमेच्या हिशोबाचा मेसेज. नोटिशीत तो मेसेज आणि कलम ५५ दोन्ही घातले. नोंदणी न करण्याची शिक्षा वाचल्यावर मालकाला चर्चा सुचली आणि पैसे मिळाले. मेसेज नसता तर काय मिळाले असते?

तेव्हा मालक की एजंट या प्रश्नाचे माझे उत्तर असे. नोंदणीकृत करार करून देणारा मालक सापडला तर थेट मालकाकडून घ्या. तो सापडत नसेल तर एजंट घ्या, पण त्याला फक्त खोली दाखवण्याच्या आणि कागद करण्याच्या कामाचे पैसे द्या, तेही नोंदणी झाल्यावर आणि पावती घेऊन. भाडे आणि डिपॉझिट एजंटच्या हातात कधीही देऊ नका. ते मालकाच्या बँक खात्यावर, मालकाच्याच नावाने गेले पाहिजे. मालक खरा आहे का, हे मालमत्ता कराची पावती, वीज बिल किंवा 'इंडेक्स टू' पाहून ठरवा. एजंट मालकासाठी सही करत असेल तर मुखत्यारपत्र मागा. खोली पाहण्याआधी 'टोकन' मागणाऱ्याला दुरूनच जयभीम करा. जो मालक किंवा जो एजंट कागदाला नाही म्हणतो, त्याची खोली कितीही स्वस्त असली तरी ती महाग पडते.

पोलिसांना भाडेकरूची माहिती देणे आवश्यक असते, ती मालकाने द्यायची. ती माहिती आहे, परवानगी नाही. "पोलिसांनी तुमच्या नावाला नकार दिला" असे सांगणारा खोटे बोलतो, लेखी दाखव म्हणावे. आणि फसवणूक झालीच तर घाबरून गावी परतू नका. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला, तसेच प्रत्येक स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते, साधा अर्ज द्यायचा. पैसे घेऊन सेवा न देणाऱ्या एजंटविरुद्ध ग्राहक आयोगाचा दरवाजाही आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला तिथे फी लागत नाही.

हे सारे विद्यार्थ्याने एकट्याने करायचे, असा याचा अर्थ नाही. सरकारला काय करता येते ते पाहायचे तर इंग्लंडकडे पाहा, जिथे आज आपली मुलेही परदेश शिष्यवृत्तीवर जाऊन भाड्याच्या खोल्या शोधतात. लंडनच्या किंग हेन्रीज रोडवरील ज्या घरात बाबासाहेब विद्यार्थी म्हणून राहिले, ते २०१५ साली महाराष्ट्र शासनाने विकत घेतले. घर घेतले, चांगले केले. तिथला कायदाही पाहायला हवा होता. तिथे २०१९ पासून एजंटला भाडेकरूकडून खोली लावून दिल्याची फी घेता येत नाही. सर्वसाधारण घरांचे डिपॉझिट पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही आणि ते तीस दिवसांत मान्यताप्राप्त योजनेत सुरक्षित ठेवावे लागते. एजंटला तक्रार निवारण योजनेचे सभासद व्हावेच लागते. तिथेही जात सुटत नाही. समानता कायद्यात जातीचा स्पष्ट उल्लेख करण्याचे २०१८ साली तिथल्या सरकारने नाकारले. पण पैशापुरता तरी तिथला विद्यार्थी उघड्यावर नाही. आपल्याकडे २०२१ साली केंद्राने आदर्श भाडेकरार कायद्याचा मसुदा मंजूर केला, त्यात राहत्या घराचे डिपॉझिट दोन महिन्यांपुरते मर्यादित आहे. पण आदर्श कायदा राज्याने स्वतःचा केल्याशिवाय लागू होत नाही.

म्हणून विद्यार्थी संघटनांच्या मागण्या नेमक्या असाव्यात. भाड्याच्या एजंटांची नोंदणी आणि ब्रोकरेजला मर्यादा. स्वाधारचा निवास भत्ता शहरातल्या खऱ्या भाड्याशी जोडलेला आणि पहिला हप्ता प्रवेशाबरोबर. डिपॉझिटसाठी समाजकल्याण खात्याची हमी. आणि वसतिगृहांच्या जागा वाढवणे, कारण वसतिगृह पुरेसे असते तर आपल्या पोराला ना मालकाची पायरी चढावी लागली असती, ना एजंटची.

आणि शेवटी थोडे आपल्याच घरात डोकावू. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात वसतिगृहे उभारली. बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली सोलापुरात वसतिगृह काढले, तेव्हा सभेला जेमतेम वर्षही झाले नव्हते. आधी छप्पर, मग पुस्तक, हा क्रम त्या पिढीला कळत होता. आज आपल्यातले कितीतरी बँकेत, रेल्वेत, आयटीत नोकरी करणारे बांधव पुण्यात दुसरा फ्लॅट बाळगून आहेत. तो ते एजंटच्या हाती देतात आणि सांगतात, "बॅचलर नको, फॅमिली बघा." चौदा एप्रिलला वर्गणी भरपूर देतात. त्यांना माझी हात जोडून विनंती आहे की, वर्गणी थोडी कमी द्या, पण एक फ्लॅट नोंदणीकृत करार करून, योग्य भाड्याने, आपल्या चार मुलींना द्या. दानाची गरज नाही. भाडे घ्या, पावती द्या.

प्रत्येक विहारात एक वही ठेवता येईल. कोणत्या भागात कोणाची खोली रिकामी, भाडे किती, मालक कागद करतो की नाही, कोणत्या एजंटने कसे वागवले, हे तीत लिहावे. यंदा गेलेल्या विद्यार्थ्याने पुढच्या वर्षी येणाऱ्यासाठी लिहावे. एखाद्या वकिलाने जून-जुलैत दर रविवारी दोन तास विहारात बसून करार वाचून द्यावेत. मी बसायला तयार आहे, इतरांनीही पुढे यावे. ज्या एजंटला दोनदा आडनाव विचारताना पकडले, त्याचे नाव त्या वहीत आले की तिसऱ्यांदा विचारताना तो विचार करील.

पुढच्या जूनला अजून वेळ आहे. वही आजच घ्या.

जयभीम!